मागून काढलेलं घर

घर काढून दाखवा म्हटलं की माणूस आधी पुढची बाजू काढतो. मधोमध दार, दोन्ही अंगांना खिडक्या, वर छप्पर. जनार्दन पार्टेंनी मागची बाजू काढली.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं ऑफिस होतं. बंगला बांधायला येणाऱ्या माणसापुढे मी आधी एक जाड आल्बम ठेवायची. त्यात सगळ्या धाटणीची घरं होती. केरळी उतरत्या छपराचं, स्पॅनिश कमानींचं, कोकणी चिऱ्याचं, सपाट छपराचं काचेचं 'मॉडर्न'. आणि त्या वर्षी सगळ्यांना हवं असलेलं रोमन खांबांचं, ज्याला लोक 'व्हाइट हाऊस टाइप' म्हणायचे. बहुतेक जण एकाचे खांब, दुसऱ्याचं छप्पर आणि तिसऱ्याचा जिना मागायचे. त्यातून एक घर उभं करणं हे माझं काम.

पार्टेंनी आल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला, बंद केला आणि माझ्याकडे सरकवला.

"यातलं काहीच नको?" मी विचारलं.

"घरं चांगली आहेत, मॅडम. पण मला हवं ते यात नाही."

बासष्ट वर्षांचे, उंच, हाडापेराने मजबूत. भोसरीला त्यांचं गिअर बनवायचं वर्कशॉप होतं. ते मुलाच्या हाती सोपवून आता वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याला जागा घेतली होती. बायको वारलेली. म्हातारी आई त्यांच्याजवळच राहायची. एवढं त्यांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं. मग खिशातून स्वतःची टोकदार पेन्सिल काढली, माझ्या टेबलावरच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि काढायला लागले.

तीन पायऱ्या. त्यांच्यापासून निघालेली, वर कौलं असलेली एक अरुंद वाट. वाटेच्या टोकाला मूळ घरापासून तुटक एक बुटकी खोली, तिला धुराडं. घराच्या पाठीला चिकटलेला लोखंडी जिना. आणि वरच्या मजल्यावर, उजव्या कोपऱ्यात, एक लहानशी खिडकी. हात यंत्रासारखा चालत होता. एकही रेघ खोडली नाही.

"हे कुठलं?"

"पाचगणीत एक बंगला होता. ब्रिटिशांच्या वेळचा. सत्त्याऐंशी साली पाडला, तिथं आता हॉटेल आहे. ही बुटकी खोली म्हणजे बावर्चीखाना. साहेब लोकांना धुराचा वास नको असायचा, म्हणून चूल लांब."

"आणि पुढून कसा होता?"

त्यांनी पेन्सिल थांबवली. बराच वेळ आठवून पाहिलं.

"व्हरांडा असणार. पायऱ्या असणार." मग म्हणाले, "पुढून तुम्हाला आवडेल तसा करा."

खरं सांगायचं तर मी खूश झाले. पुढची बाजू मोकळी सोडून देणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. ब्रिटिशांच्या बंगल्याची धाटणी मला मनापासून आवडायची. रुंद व्हरांडा, मंगलोरी कौलं, लाकडी जाळीची झालर, उंच दारं. मागच्या बाजूचं एवढं का, हा प्रश्न त्या खुशीत मी विचारलाच नाही.

चार दिवसांनी त्यांनी मागच्या अर्ध्या घराची मापं आणून दिली. भिंतीची जाडी सोळा इंच. पायरीची उंची साडेसहा. वरची कोपऱ्यातली खोली सात बाय नऊ, तिच्यापुढे "ट्रंकांची" असं लिहिलेलं.

"एवढी बारकाईनं मापं कुठून मिळाली?"

"पाडत होते तेव्हा तीन दिवस जाऊन राहिलो. टेप घेऊन."

"मग दिवाणखान्याची का नाही घेतलीत?"

"तिकडं माझं काही नव्हतं," ते म्हणाले.

बांधकाम दीड वर्ष चाललं. कासम मिस्त्री माझ्या भरवशाचा माणूस, तोच मुकादम. पार्टे दर शनिवारी यायचे. पुढची बाजू वर येत होती तिकडे ते ढुंकूनही बघत नसत. गाडीतून उतरले की घराला वळसा घालून थेट मागे. मी सुचवलं, भिंती विटांच्या करू, काम लवकर उरकेल. ते म्हणाले, जांभाच. मी म्हटलं, आजकाल स्वयंपाकघर कुणी असं लांब ठेवत नाही, ताटात येईपर्यंत जेवण गार होईल. "होऊ दे," म्हणाले. वरच्या मजल्याला स्लॅब टाकू म्हटलं, तर त्यांना लाकडी तुळया आणि फळ्यांचीच जमीन हवी होती, चुन्याचाच गिलावा हवा होता.

एकदा वरच्या भिंती डोक्याच्या वर गेल्या असताना ते बावर्चीखान्याच्या दारात उभे होते. मान वर करून त्या लहान खिडकीच्या चौकटीकडे पाहत होते.

"मॅडम, त्या खोलीत कुणी बोललं तर इथं ऐकू येईल?"

मला वाटलं, त्यांना शांतता हवी असेल. पुष्कळांना हवी असते. मी म्हटलं, "तुम्हाला नको असेल तर नाही येणार. भिंत दुहेरी करते, मधे पोकळी ठेवते. खिडकीला दोन काचा."

"नको नको," ते एकदम म्हणाले. "आवाज जेवढा जायचा तेवढाच जाऊ दे. कमी नको, जास्त नको."

कासमनं माझ्याकडे पाहिलं. मी नजरेनंच त्याला गप्प केलं. घर बांधणाऱ्या माणसाच्या मनात काय काय असतं ते मला थोडंफार ठाऊक होतं. एका वकिलानं माझ्याकडून पूर्वेची भिंत बिनखिडकीची करून घेतली होती, कारण तिकडे भावाचं घर होतं.

मग एका शनिवारी टेम्पोतून दार आलं. जुनं सागवानी, सुतळी-गोणपाटात गुंडाळलेलं. पार्टेंनी स्वतः ते सोडवलं.

"हे त्या बंगल्यातलं. ट्रंकांच्या खोलीचं. सतरा वर्षं वर्कशॉपात ठेवलंय."

एका अंगाला भक्कम लोखंडी कडी होती. दुसऱ्या अंगाला काहीच नव्हतं. मी हात फिरवून पाहिला. लाकूड अजून ठणठणीत होतं.

"आतून एक खिटी लावून घेऊ," मी म्हटलं.

"आतून नको. होतं तसंच." मग दाराची कोरी बाजू माझ्याकडे करून म्हणाले, "भिंग लावून बघितलीय मी ही बाजू. इंच न् इंच. एक ओरखडा नाही."

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं. "पॉलिश धरेल."

त्यांनी दार पुन्हा गोणपाटात गुंडाळलं. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

ऑक्टोबरमध्ये घर पुरं झालं. पुढून ते इतकं देखणं झालं होतं की रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या. वास्तुशांतीला दोन दिवस राहिले होते. आईला त्यांनी तोवर एकदाही जागेवर आणलं नव्हतं. त्या संध्याकाळी ड्रायव्हर तिला भोसरीहून घेऊन येणार होता.

दुपारी पार्टेंचा फोन आला. "मॅडम, चारच्या आत याल? एक काम आहे. तुमच्याशिवाय होण्यासारखं नाही."

मी गेले तेव्हा ते बावर्चीखान्याच्या उंबऱ्याजवळ बसले होते. पुढ्यात पाटा-वरवंटा, बाजूला ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मिरच्या. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. कासम एका खांबाला टेकून उभा होता.

"आवाज बघायचाय," पार्टे म्हणाले. "तुम्ही वर ट्रंकांच्या खोलीत जा. कासम बाहेरून कडी घालेल. दहा हाका मारा. मोठ्यानं. मग कासम येऊन कडी काढेल."

"कासमलाच पाठवा की वर."

"बाईचा आवाज पाहिजे, मॅडम."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणता आलं नाही. एवढं मोठं माणूस, पण डॉक्टरच्या दारात रिपोर्टची वाट बघत बसल्यासारखं दिसत होतं.

"काय हाक मारू?"

त्यांनी वरवंटा हातात घेतला. "आये," ते म्हणाले. "आये म्हणून मारा."

मी वर गेले. कासमनं दार ओढून घेतलं, कडी पडल्याचा आवाज आला, मग त्याची पावलं आतला जिना उतरून गेली. खोलीत मी एकटी. ती खोली मीच कागदावर उतरवली होती, मीच तिचा गिलावा पसंत केला होता, पण दार बंद करून आत कधी उभी राहिले नव्हते. चुन्याचा वास होता. पश्चिमेचं ऊन लहान खिडकीतून तिरकं येऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं. घाटातून एखादा ट्रक चढताना ऐकू यायचा. खिडकी माझ्या कपाळाच्याही वर होती. मापं त्यांची होती, म्हणून मी तेव्हा विचार केला नव्हता.

पहिली हाक मारली तेव्हा मला हसूच आलं. पस्तिशीची बाई, एका परक्या घरात, कुणाच्या तरी आईला हाका मारतेय. दुसरी मारली. तिसरी. पाचव्या-सहाव्या हाकेला माझा आवाज मला माझा वाटेना. तो भिंतीला लागून परत येत होता आणि येताना बारीक होऊन येत होता. आठ. नऊ. दहावी हाक मारून मी थांबले.

कुणी आलं नाही.

मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं, चार मिनिटं, सात. खाली दगडावर दगड घासल्याची घरघर तेवढी पुसट येत होती. "कासम!" मी हाक मारली. दारावर थाप मारली. "कासम, झालं! उघड!" उत्तर नाही. दार ढकलून बघितलं, ते तसूभर हललं नाही. मला घाम फुटला. वेडेपणा होता, खाली दोन धडधाकट माणसं होती, उजेड होता. तरीही माझ्या तोंडून जी हाक निघाली ती "कासम" नव्हती. मला सांगितलेली हाकच निघाली, आणि या वेळी ती मी कुणी सांगितली म्हणून मारली नव्हती.

मग पावलं वाजली. जिन्यावरून फार सावकाश येणारी, एक पाऊल आणि एक काठी, एक पाऊल आणि एक काठी. दाराबाहेर थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कडी निघाली.

दारात एक वाकलेली म्हातारी उभी होती. हिरवट नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. धाप लागलेली. तिनं काठी टाकून दिली आणि माझं मनगट धरलं.

"भाईर ये, बाय. आदी भाईर ये."

तिनं मला ओढूनच बाहेर काढलं. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा हात सैल झाला.

"तू कोण गं?"

"मी निंबाळकर, आजी. हे घर मी बांधलंय. तुम्ही पार्टेसाहेबांच्या आई ना? संध्याकाळी येणार होता ना तुम्ही?"

"लौकर निघालो. ड्रायव्हरनं फुडच्या दारात सोडलं." ती अजून माझ्याकडेच बघत होती. "आये म्हणून कोण वरडत व्हतं?"

"मीच. साहेबांनी सांगितलं होतं. आवाज कुठवर जातो ते बघायचं होतं त्यांना."

ती वळली आणि दारावर हात ठेवला. कडीवरून, बिजागरीवरून, फळीच्या कडेवरून बोटं फिरवत गेली. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी.

"ह्ये दार जनानं आणलं?"

"हो. पाचगणीच्या बंगल्यातलं."

"ठावं हाय मला कुठलं ते." ती आत गेली. खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं खिडकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. काठी नव्हती म्हणून पायानंच एक जागा दाखवली. "शेगडी हितं व्हती."

"कसली शेगडी, आजी?"

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. मीही बसले. तिनं सांगितलं ते माझ्याकडे बघत सांगितलं नाही. त्या जागेकडे बघत सांगितलं.

"माझी हौसा. जनाच्या आधीची. चवदाची व्हती. आमी दोगी त्या बंगल्यावर कामाला. दिवाळीला मालक मंडळी म्हमईस्नं यायची. पावसाळाभर घर बंद, गाद्या, कापडं समदं आंबून गेल्यालं. मंग हितं कोळशाची शेगडी ठिवायची आन् वर दोरीला कापडं सुकवायची. त्या दिशी चांदीचा चमचा गावंना. बाईसाब म्हनल्या, पोरीनं घेतला. घातली हितं. म्हनल्या, कबूल हुईस्तवर ऱ्हाऊ दे. खिडकी लावल्याली, शेगडी तशीच आत. त्यास्नी तरी काय म्हाईत, कोळशाचा वाफारा माणूस मारतुया म्हून. मलाबी म्हाईत नव्हतं."

खाली वरवंट्याची घरघर थांबली होती.

"आणि तुम्ही कुठं होता, आजी?"

"म्या खाली. वाटण वाटत."

मी विचारायला नको होतं. पण दीड वर्ष मी त्या घरावर खपले होते, सोळा इंची भिंतीतला एकेक चिरा माझ्या डोळ्यांदेखत बसला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकू येत होतं?"

"येत व्हतं की," ती म्हणाली. आवाज साधा होता, वाटेनं कुणी गावाचं नाव विचारावं आणि आपण सांगावं तसा. "समदं येत व्हतं. आये, आये. बाईसाबांनी मला सांगितल्यालं, वर गेलीस तर दोगीबी वाटंला लागशीला. जनाचा बा मरून साल झालं नव्हतं. जना गावात मामाकडं, साळंत. म्या काय केलं, वरवंटा जोरात फिरवाया लागले. मंग आवाज ऱ्हायला. मला वाटलं, निजली."

तिनं लुगड्याचा काठ गुडघ्यावर ओढून घेतला.

"चमच्याचं फुडं कुनी नाव काडलं न्हाई. म्या समद्यास्नी सांगितलं, चूल लांब हाय, मला काय ऐकाया आलं न्हाई. जनालाबी त्येच सांगितलं. त्यानं एकदाच इचारलं, बारा वर्साचा व्हता. परत कवा इचारलं न्हाई. पन्नास वर्सं माझं समदं केलं त्यानं. दवाखाना, कापडं, काय म्हनशील त्ये. पर कवा माज्या हातचं वाटण खाल्लं न्हाई."

मी तिची काठी उचलून दिली. जिना उतरताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाडंच होती सगळी, पण पकड घट्ट होती. मागच्या दारातून आम्ही त्या झाकल्या वाटेवर आलो. ती तिथं थबकली. पुढून येताना तिला घर ओळखू आलं नव्हतं. पुढची बाजू माझी होती, ती तिनं आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती. आता तीन पायऱ्या, कौलांची वाट आणि धुराडं तिच्यासमोर होतं. तिनं फक्त पदर सावरला आणि चालू लागली.

पार्टे पाट्याशीच बसलेले होते. खोबरं-मिरची वाटून वाटून त्याचं पार लोणी झालं होतं. हात मनगटापर्यंत माखलेले. आईला पाहून ते धडपडत उठले.

"आये? तू कधी आलीस?"

"आत्ताच."

त्यांनी तिच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे. ती कुठून उतरून आली हे त्यांना कळलं. मग ते भराभर बोलायला लागले, एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आये, मी आत्ताच बघितलं. मॅडम वर होत्या. दार लावून, कडी घालून. खच्चून ओरडत होत्या. ओरडत होता ना, मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

"मी इथं बसलो होतो. ह्या इथं. वाटत होतो. हे सगळं तसंच आहे आये, मोजून बांधलंय, भिंत तेवढीच, दार तेच. काही ऐकू येत नाही. काही म्हणजे काही ऐकू येत नाही इथं. कासमला विचार."

कासम खांबाजवळ मान खाली घालून उभा होता. "व्हय, आजी," तो म्हणाला.

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. मी तिच्यामागेच उभी होते आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मघाशी वर जे ती मला म्हणाली होती ते आता तिच्या ओठांवर येईल, असं मला एक क्षण वाटलं. तिचे ओठ हललेही.

"हात धू, लेका," ती म्हणाली. "मिरच्यांनी आग हुईल."

तिनं घागरीतून तांब्या भरून घेतला आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतायला लागली. बासष्ट वर्षांचा माणूस हात पुढे करून उभा होता. तिनं त्यांच्या बोटांच्या बेचक्या स्वतः चोळून धुतल्या. त्यांचे खांदे हलत होते. मी आणि कासम तिथून निघालो.

फाटकाबाहेर माझी गाडी उभी होती. कासम दार धरून उभा राहिला, पण लावेना.

"ताई, रागावू नका. मला यायला उशीर झाला."

"का झाला?"

"साहेबांनी येऊ दिलं नाही." त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. "पहिल्याच हाकेला साहेब उठले. तीनही पायऱ्या चढून गेले, दारापर्यंत. मग तिथनं परत फिरले, येऊन बसले आणि वाटायला लागले. मी म्हणलं, साहेब, ताई बोलवत्यात. म्हणले, कोण? मला काही ऐकू येत नाही. मी म्हणलं, अहो साहेब, चांगलं खणखणीत येतंय. तर त्यांनी माझा हात धरला. एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं वरवंटा असा फिरवायला लागले, ताई, की दगडातनं ठिणग्या पडतील. तुम्ही दहाच्या वर मारल्यात ना हाका?"

"मारल्या."

"समद्या आल्या," कासम म्हणाला.

वास्तुशांत झाली. दीडशे माणूस जेवलं. पाहुण्यांनी पुढच्या व्हरांड्यात उभं राहून फोटो काढले. पुढच्या दोन-तीन वर्षांत चार जण माझ्याकडे "पार्टेंसारखं घर पाहिजे" म्हणून आले, आणि मी त्यांना तो व्हरांडा, ती झालर, ती उंच दारं बांधून दिली. मागची बाजू कुणी मागितली नाही. मीही दाखवली नाही. त्या दुपारी वर ऐकलेलं मी पार्टेंना सांगितलं नाही, आणि कासमनं फाटकाशी सांगितलेलं म्हातारीला सांगितलं नाही. कुणाला सांगायला हवं होतं का, हे मला अजून उमगलेलं नाही.

म्हातारी त्या घरात आठ महिने जगली. झोपायला तिनं ट्रंकांचीच खोली मागून घेतली. रोज दुपारी पाट्यावर वाटण वाटायची आणि पार्टे ते खायचे, हे कासमनं सांगितलं. वरचं दार मात्र ती कुणाला लोटूनही घेऊ देत नसे. ज्येष्ठात ती गेली. झोपेतच.

त्यानंतर तीनेक वर्षांनी वाईला काम निघालं होतं, म्हणून मी तिकडे वळले. उन्हं कलायला लागली होती. पुढचं दार उघडंच होतं, घरात कुणी दिसेना. सवयीनं मी घराला वळसा घालून मागे गेले. पार्टे बावर्चीखान्याच्या उंबऱ्यावर बसले होते. फार वाळले होते. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मान थोडी तिरकी केली. वरची खिडकी उघडी होती, आत अंधारलेलं होतं.

"मॅडम, वर कुणी नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "आई गेल्यापासून मी एकटाच असतो इथं." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

मी कान दिला. घाटात गाडी चढत होती. कौलावर काहीतरी सरकलं, बहुधा खार. त्याच्याही पलीकडून काही येत होतं की नाही, ते मी आज शपथेवर सांगू शकणार नाही.

"नाही," मी म्हटलं. "काही ऐकू येत नाही."

त्यांनी मान हलवली, आणि सरकून मला उंबऱ्यावर जागा करून दिली.